जुन्या फियाटचं ट्यूनिंग: कार्बुरेटरला हात शेवटी

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडून उभं राहा. दहा मिनिटांत चार सल्लागार जमतात. दूधवाला, तिसऱ्या मजल्यावरचे काका, वॉचमन आणि एखादा असा माणूस, ज्याला तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघताय. गाडी मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं, म्हणालात की चौघांचं निदान एकच: "कार्बुरेटर साफ करून घ्या." त्यातला एक तर स्क्रू ड्रायव्हर मागून स्वतःच स्क्रू पिळायला लागतो.

त्याला थांबवा. कार्बुरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, हा ट्यूनिंगचा शेवटचा अंक आहे. बॅटरी, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लग, पॉइंट (ठिणगी पाडणारा छोटा स्विच) आणि टाइमिंग (ठिणगीची वेळ) ठीक नसताना त्याचा स्क्रू फिरवणं म्हणजे ताप मोजण्याआधी थर्मामीटर दुरुस्त करणं. मी स्वतः दोन रविवार त्या स्क्रूशी झटापट केली. तिसऱ्या रविवारी डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढलं, तर पॉइंटचा गॅप जवळजवळ बंद झालेला. पाच मिनिटांचं काम होतं. बिघडवलेला कार्बुरेटर परत जागेवर आणायला मात्र आणखी एक रविवार गेला.

हा लेख पॉइंट आणि कार्बुरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे. मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, आणि सुरुवातीच्या मारुती ८००. तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर पॉइंटचा भाग सोडून द्या, बाकीचं लागू पडेल. इंजेक्शनवाल्या गाडीत मात्र एअर फिल्टर, प्लग आणि बॅटरी एवढ्यावर थांबा.

आता हे स्वतः का शिकायचं? मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. तोवर टॅक्सीस्टँडच्या कोपऱ्यावर, लोखंडी पेटीवर बसलेला एक मिस्त्री हमखास सापडायचा. तो नुसतं कानाने टाइमिंग लावायचा. त्या टॅक्स्यांबरोबर तो धंदाही आटला. घरात वडिलांची किंवा आजोबांची गाडी जपून ठेवलेल्यांना आता निदान सर्व्हिसिंगपुरते हात काळे करावेच लागतात.

सामान आणि जागा

प्लग पाना, १० ते १७ पर्यंतचे रिंग आणि डी पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज म्हणजे मिस्त्री ज्याला नुसतं 'पत्ती' म्हणतात ते, बारीक पॉलिश पेपर, मल्टिमीटर, बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, कार्बुरेटर क्लीनरचा डबा, जुनं सुती बनियन आणि चिकटपट्टी. मिस्त्री पत्ती जुन्या इंची मापात बोलतात. 'पंधराची पत्ती' म्हणजे ०.३८ मिलिमीटर, 'पंचवीसची' म्हणजे ०.६३. दोन्ही मापं छापलेलं गेज घ्या, नाहीतर दुकानात आणि पुस्तकात वेगवेगळी भाषा बोलत बसाल.

पॉइंट, त्याच्या तोंडांवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर, प्लगना वीज वाटणारा फिरता रोटर, डेल्कोचं झाकण असे सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात शोधा. तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना तुकडा खिशात घालूनच जा. 'फियाटचा रोटर द्या' म्हणालात तर दुकानदार तीन प्रकारचे रोटर समोर टाकतो आणि तुमच्याकडे बघत राहतो.

काम उघड्यावर करा. पोडियम किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जवळ लहान अग्निशामक ठेवा आणि सिगारेटवाल्या सल्लागाराला दहा पावलं लांब उभं करा. आणि हो, सेक्रेटरीला आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे तेल सांडल्याची नोटीस येण्याऐवजी चहा येईल.

हातातली अंगठी, घड्याळ काढा. फॅन फिरत असताना शर्टाची बाही, ओढणी, केस पुढे लोंबता कामा नयेत.

रात्रभर थंड झालेलं इंजिन

सुरुवात थंड इंजिनावर. टॅपेटचं माप बहुतेक पुस्तकांत थंड इंजिनाचं दिलेलं असतं. शिवाय फियाट काय किंवा मारुती काय, हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम हेडमधून प्लग उपटायला गेलात तर आटे सोबत येतात.

आधी बॅटरी. इंजिन रात्रभर बंद असताना टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी लक्षणं खोटी. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. आधी निगेटिव्ह वायर सोडायची, लावताना ती शेवटी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, सोडा बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून वर व्हॅसलीन. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टीही सोडून घासा. ती कुणीच बघत नाही, आणि निम्म्या फियाट 'सेल्फ हळू फिरतो' म्हणून तिच्यामुळेच रडतात.

एअर फिल्टर उजेडासमोर धरा, उजेड आरपार दिसला नाही तर नवा घाला. पेट्रोलचा फिल्टर नवाच.

पेट्रोलच्या नळीजवळ जरा थांबा. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं, वीस टक्क्यांपर्यंत. जुन्या काळचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं किंवा कडक होऊन तडकतं. नळी बोटांत वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या की इंधनासाठीची नवी नळी आणि नवे क्लिप लावा. पंपाच्या पडद्यावरही तोच परिणाम होतो, म्हणून पंपाखाली ओल दिसली तर ट्यूनिंग नंतर, आधी ती. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवून नंतर 'स्टार्ट होत नाही' म्हणणं चुकीचं.

प्लग काढा आणि वाचा

प्लगच्या वायरी काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर लिहा. फियाटचा १ नंबर सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. मारुती ८०० तीन सिलिंडरची, १-३-२. मी एकदा 'लक्षात राहील' म्हणून वायरी तशाच उपटल्या आणि २-३ ची अदलाबदल केली. सेल्फ मारल्यावर कार्बुरेटरमधून असा बार निघाला की वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याने दिवसभर भुंकणं थांबवलं नाही.

प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी फुंकून काढा, नंतरच प्लग फिरवा. काढलेले प्लग त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर ठेवा. आता हे चार तुकडे इंजिनची हकिगत सांगतात. टोकाचा रंग बिस्किटासारखा फिका तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. (सिग्नलला तासन् तास रेंगाळणाऱ्या गाडीत थोडी काजळी येतेच, घाबरू नका.) ओला, तेलकट काळा म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल चढतंय, ते ट्यूनिंगने सुटणार नाही. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा टाइमिंग फार पुढे (ठिणगी फार लवकर). तीन बिस्किटी आणि एकच काळा निघाला तर कार्बुरेटर निर्दोष, कारण तो चौघांना सारखंच वाढतो. दोष त्या एका सिलिंडरच्या वायरीत, प्लगमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये.

प्लग बाहेर असतानाच कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजता आलं तर फार बरं. गेज एखाद्या मिस्त्रीकडून मागून आणा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, पण त्याआधी कॉइलची वायर सोडून ठेवायची. आकडा किती यापेक्षा चारही जवळपास सारखे आहेत का हे महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी कमी असेल तर पुढची मेहनत त्या सिलिंडरपुरती वाया जाईल.

पॉइंटवाल्या गाडीत प्लगचा गॅप साधारण ०.६ मिलिमीटर धरतात, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. गॅप फक्त बाजूचा दांडा वाकवून लावायचा, मधल्या इलेक्ट्रोडवर जोर द्यायचा नाही. प्लग परत बसवताना आधी पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरवा. दोन-तीन आटे सहज गेले तरच पुढे. नव्या वॉशरला हाताने टेकल्यावर पाव ते अर्धा फेरा पुरतो. मात्र अजून बसवू नका. प्लग बाहेर असले की इंजिन हाताने फिरवणं सोपं जातं, आणि पुढचं काम तेच आहे.

टॅपेट

गाडी टॉप गियरमध्ये टाकून सपाट जागी थोडी थोडी ढकलली की इंजिन फिरतं. दुसरा माणूस हवा. चौघा सल्लागारांचा खरा उपयोग इथे होतो.

फियाटसारख्या चार सिलिंडरच्या गाडीत जोड्या लक्षात ठेवा: १ ची जोडी ४ शी, २ ची ३ शी. ४ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की १ नंबरचे दोन्ही पूर्ण बंद असतात. तेव्हा १ चे टॅपेट लावायचे. मग १ हलताना ४, २ हलताना ३, ३ हलताना २. पत्ती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये किंचित घासत, लोण्यातून सुरी जावी तशी सरकली पाहिजे. लॉकनट घट्ट करताना स्क्रू हमखास हलतो, म्हणून घट्ट केल्यावर परत एकदा मोजा.

टिकटिक आवाज नको म्हणून गॅप कमी ठेवायचा मोह होतो. थोडी टिकटिक परवडते, पण पूर्ण न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. झाकणाखालचं गॅस्केट जुनं असेल तर याच वेळी बदला.

डेल्को

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे जुनी माणसं डेल्को म्हणतात, कंपनी कुठलीही असो.

झाकण काढून आतून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा म्हणजे तडा, त्यातून ठिणगी पळते. जुलैत दादर टीटीला गाडी बंद पडते आणि ऊन पडलं की सुरू होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे झाकण किंवा दमट वायरी. मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का पाहा. रोटरचं पितळी टोक जळलेलं असेल तर बदला, घासत बसू नका.

आता पॉइंट. दोन्ही तोंडं बघा. एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा असेल तर बदला, पॉलिश पेपरने फक्त तात्पुरतं भागतं. तोंडं निळी-काळी पडून लवकर लवकर खराब होत असतील तर कंडेन्सर गेलाय. मी पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदलतो, खर्चात फरक फारसा पडत नाही. नव्या पॉइंटवर कारखान्यातून आलेला तेलाचा पातळ थर असतो, तो कोऱ्या कागदाने पुसा, नाहीतर नव्या पॉइंटवर गाडी सुरू होत नाही आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या घालता.

गॅप लावण्याआधी इंजिन हळूहळू फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या सर्वांत उंच टोकावर आणा. इथेच नवखा चुकतो. टाच उतारावर असताना लावलेला गॅप प्रत्यक्षात जास्तच असतो. बहुतेक डेल्कोंना ०.३५ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यानचा गॅप लागतो, तुमच्या डेल्कोचा आकडा पुस्तकातून घ्या. स्क्रू घट्ट करा आणि परत मोजा. कॅमवर ग्रीसचा एक ठिपका द्या, जास्त दिलं तर उडून पॉइंटवर बसतं.

गॅप आधी, टाइमिंग नंतर. उलट केलं तर टाइमिंग परत लावावं लागेल, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टाइमिंग आपोआप पुढे सरकतं.

टाइमिंग, बल्बने

टाइमिंग लाइट असेल तर उत्तम, नसेल तर बल्ब पुरेसा आहे. १ नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि गाडी ढकलायला सांगा. हवेने अंगठा उडाला की पिस्टन कम्प्रेशनवर वर येतोय. तिथून पुढे पुलीवरची खूण इंजिनवरच्या ठरलेल्या खुणेशी जुळवा. खुणा तेलकट धुळीखाली गाडलेल्या असतात. एकदाच नीट घासून पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, आयुष्यभर दुवा द्याल. रोटरचं तोंड आता झाकणातल्या १ नंबरच्या वायरीकडे असलं पाहिजे.

बल्बची एक वायर कॉइलवरून डेल्कोला येणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीच्या स्वच्छ धातूला. इग्निशन चालू करा, सेल्फ नाही मारायचा. डेल्कोचा क्लॅम्प थोडा सैल करून डेल्को रोटरच्या फिरण्याच्या दिशेने किंचित वळवा, बल्ब विझेल. मग अगदी सावकाश उलट्या दिशेने. ज्या क्षणी बल्ब पेटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतात. तिथेच थांबा, क्लॅम्प घट्ट करा आणि इग्निशन बंद करा. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवलं तर कॉइल तापते.

आता प्लग, वायरी आणि झाकण बसवा.

आणि आता कार्बुरेटर

इंजिन सुरू करा आणि नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे पंधरा मिनिटं तरी. चोक पूर्ण उघडा आहे ना ते डोळ्यांनी बघा, डॅशबोर्डवरच्या खुंटीवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर बॅटरीला लावा: चालू इंजिनावर, थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत.

कार्बुरेटर बाहेरून क्लीनरने धुण्याआधी इंजिन बंद करून थोडं गार होऊ द्या. गरम मॅनिफोल्डवर क्लीनर मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, काढलेत तर फुंकून साफ करा, तार घालू नका. पितळेचं भोक केसभर मोठं झालं तरी ॲव्हरेज कायमचं पडतं.

स्क्रू दोन असतात. एक थ्रॉटल किती उघडा राहतो ते ठरवतो, म्हणजे आयडलिंगचा. दुसरा मिश्रणाचा, ज्याला काही मिस्त्री एअर स्क्रू म्हणतात. फियाटच्या सोलेक्स कार्बुरेटरवर तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. इंजिन बंद असताना मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि वहीत लिहा. तो तुमचा परतीचा रस्ता. जोराने पिळला तर सुईचं टोक चेपतं. मग दीड ते दोन फेरे बाहेर काढून इंजिन सुरू करा.

आता पाव-पाव फेऱ्याने हळूहळू. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, इंजिनला उत्तर द्यायला वेळ लागतो. जिथे इंजिन सर्वांत जोरात आणि सुरळीत फिरतं तिथे थांबा, मग आयडलिंगचा स्क्रू थोडा थोडा बाहेर फिरवून वेग ८०० ते ९०० फेऱ्यांवर आणा. परत मिश्रण, परत वेग. दोन-तीन आवर्तनांत जमतं. टॅकोमीटर (फेरे मोजणारा काटा) नसेल तर आरपीएमची सोय असलेला मल्टिमीटर घ्या. पूर्वी लोक शेवटी स्क्रू किंचित आत घेऊन पेट्रोल वाचवायचे. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर मिश्रण आपसूकच पातळ होतं, म्हणून मी तसं करत नाही.

स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा व्हॅक्यूमच्या नळीतून हवा शिरतेय. नळ्या एकेक चिमटीत दाबून ऐका.

चाचणी

रविवारी सकाळी सातच्या आत निघा. सपाटीवर गाडी कशीही चालते, खरी परीक्षा चढाची. मी गिरगाव चौपाटीवरून केम्प्स कॉर्नरच्या १९६५ सालच्या पुलाकडे जातो आणि चढावर तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबतो. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर टाइमिंग जरा जास्त पुढे आहे, डेल्को केसभर मागे घ्यावा लागतो. आवाज नाही पण गाडी जडशीळ, पिकअप नाही आणि रेडिएटर तापतोय, तर मागे पडलंय. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर क्षणभर अडखळून मग उचलते, तर कार्बुरेटरचा ॲक्सिलरेटर पंप बघा.

परत आल्यावर लगेच प्लग काढून रंग बघू नका, हात भाजतील. संध्याकाळी बघा.

दुसऱ्या दिवशी पीयूसी करून घ्या. भारत स्टेज-२ या प्रदूषण निकषांच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम इतकी मर्यादा आहे. पास झालात म्हणून कागद नुसता घडी घालून ठेवू नका, आकडे वाचा. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या काठावर असेल तर मिश्रण घट्ट आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. ते ठीक असून हायड्रोकार्बन जास्त असेल तर कुठलातरी सिलिंडर मधेच मिसिंग करतोय, परत प्लग आणि वायरी तपासा. पीयूसीवाल्या मुलाला नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालायला सांगा, आणि इंजिन गरम करूनच न्या.

वहीत तारीख, किलोमीटर, प्लगचे रंग, पॉइंटचा गॅप आणि मिश्रणाच्या स्क्रूचे फेरे लिहा. पॉइंटचा गॅप पाच हजार किलोमीटरला परत बघायचा, आणि गाडी फारशी चालत नसेल तर पावसाळ्याआधी एकदा, मेमध्ये, डेल्कोचं झाकण उघडून.